निघोजचे रांजणखळगे घरच्या भिंतीवर लावायचे असतील तर

पारनेर तालुक्यातलं निघोज आणि शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी यांच्या मधून कुकडी वाहते. तिथल्या काळ्या बेसॉल्टमध्ये रांजणासारखे खोल खळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे जागच्या जागी गरगरत राहिले आणि कातळ आतून घासला गेला. फोटोत ही गोलाईच यायला हवी. अख्खी घळ फ्रेममध्ये कोंबली की नजर कुठेच ठरत नाही, आणि रोज बघायच्या भिंतीवर तेच खुपतं. दोन-तीन खळगे, त्यांच्या काठाचं वळण, थोडं पाणी, बस्स. आकाश सरळ वगळा.

पावसाळ्यात पात्र भरलेलं असतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी पोहोचा आणि कातळावर ऊन येण्याआधी काम आटपा. ऊन चढलं की खळग्यात काळोख आणि काठावर पांढरी चमक, दोन्ही एका फोटोत मावत नाही. वरच्या धरणातून पाणी सुटणार आहे का, हे गावात विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका. शेवाळलेल्या काठावर तर पाय ठेवूच नका. खळग्याच्या गुळगुळीत भिंतीला हात धरायला काही नसतं.

ट्रायपॉड कोरड्या कातळावर लावा, मधला दांडा वर काढू नका. पुलावर लावलात तर माणसं चालताना फोटो हलतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/११, दोन सेकंदांचा टायमर. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश ६४ पट कमी करणारी काळसर काच) लावला की शटरच्या १/८ सेकंदाचे ८ सेकंद होतात. वाहत्या पाण्याला तेवढे पुरतात. खळग्यात फेसाचे ठिपके संथ फिरत असतील तर २० ते ३० सेकंद द्या. ठिपक्यांची वलयं उमटतात, गोटे फिरले असतील तशीच. या जागेचा याहून सुंदर फोटो नाही.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते एक्स्पोजरमध्ये, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा यात. काळा कातळ कॅमेऱ्याला करडा करायचा असतो, त्यात पाण्याचा पांढरा भाग जळतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) उणे २/३ ते उणे १ ठेवा आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) पूर्ण फिरवलात तर ओल्या दगडाची सगळी झळाळी जाते आणि कातळ मेल्यासारखा दिसतो, अर्ध्यावर थांबा. सावलीत दगडावर आकाशाचा निळा रंग चढतो, तो एडिटिंगमध्ये कमी करा, पण पूर्ण पुसू नका.

२४ मेगापिक्सेलच्या ६००० × ४००० फाइलमधून २०० पीपीआयला (इंचाला २०० पिक्सेल) बरोबर ३० × २० इंची प्रिंट निघते. कागद मॅट, सुती, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा. पडद्यावर दिसणारा गडद भाग कागदावर आणखी काळा येतो, म्हणून आधी ८ × १० इंची चाचणी प्रिंट काढा, त्याच भिंतीवर चिकटवा आणि संध्याकाळी घरातल्या दिव्यात बघा. खळग्याचा तळ दिसत नसेल तर फक्त सावल्या थोड्या उजळा. साधी काच टाळा. काळ्या चित्रावर ती आरशासारखी वागते आणि समोरची खिडकी दिसत राहते. चकाकी न येणारं अॅक्रिलिक घ्या. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते आणि कागदाला बुरशी लागत नाही.