चेरोकी नेतृत्वावर अभ्यासवर्गात बोलायचे असल्यास

मुंबईतील एखाद्या महाविद्यालयाच्या अभ्यासवर्गात चेरोकी या अमेरिकेतील मूलनिवासी लोकांच्या नेतृत्वावर बोलायचे असल्यास आधी कोणत्या समुदायाविषयी बोलणार ते ठरवावे, कारण अमेरिकी संघराज्याने मान्यता दिलेले चेरोकी समुदाय तीन असून प्रत्येकाचे शासन स्वतंत्र आहे. ओक्लाहोमातील टाहलेक्वा ही राजधानी असलेले चेरोकी राष्ट्र निवडावे. तेथे चार वर्षांसाठी निवडलेला प्रमुख, 17 सदस्यांची परिषद आणि स्वतःचे सर्वोच्च न्यायालय आहे. श्रोते मुंबई महापालिकेशी तुलना करतील, तेव्हा पालिकेचे अधिकार राज्याच्या कायद्यातून येतात आणि या राष्ट्राचे सार्वभौमत्व मात्र अमेरिकेच्या स्थापनेहून जुने आहे, हा फरक लगेच सांगावा.

सर्वाधिक वेळ विल्मा मॅनकिलर यांना द्यावा. 1985 मध्ये प्रमुख होण्यापूर्वी त्यांनी बेल या खेड्यात जलवाहिनीचे काम उभे केले. ज्यांच्या घरी नळ नव्हता, त्या गावकऱ्यांनीच ती टाकली. माझ्या मते नेतृत्वाचा इतका ठसठशीत दाखला क्वचितच सापडेल.

चेरोकींची मूळ जमीन अमेरिकेला देणाऱ्या 1835 च्या न्यू एकोटा कराराचा उल्लेख करताना, तो प्रमुख जॉन रॉस यांचा विरोध डावलून एका छोट्या गटाने केला होता, हे सांगायला विसरू नये.