फोटोतला माणूस हाच का? चेहरा ताडून पाहण्याची आणि लक्षात ठेवण्याची रीत

परीक्षा केंद्रावर हॉलतिकीट बघणारे पर्यवेक्षक, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, बँकेत केवायसीचे कागद तपासणारा कर्मचारी, लोकलमध्ये पासासोबत ओळखपत्र मागणारा टीसी. मुंबईत या सगळ्यांना दिवसभर एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: हातातला फोटो आणि समोरचा माणूस एकच आहे का? काम सोपं वाटतं, कारण ओळखीचा चेहरा आपण दादरच्या पुलावरच्या गर्दीतही चटकन टिपतो. पण अनोळखी चेहऱ्यापुढे हे कौशल्य फारसं कामाला येत नाही, आणि बहुतेक चुका हे न कळल्यामुळे होतात.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात लोकांना ४० फोटोंचा गठ्ठा दिला होता. फोटो दोनच माणसांचे, प्रत्येकाचे २०. ज्यांना ते चेहरे अनोळखी होते त्यांनी त्यातून साधारण सात-आठ वेगवेगळी माणसं काढली. ज्यांना ते ओळखीचे होते त्यांनी बहुतेक वेळा बरोबर दोन गठ्ठे केले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी झाली, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच माणसाचा फोटो सुमारे १४ टक्के वेळा खरा मानला. नोकरीची वर्षं वाढली म्हणून अचूकता वाढली, असंही दिसलं नाही. तेव्हा ‘मला अनुभव आहे’ या भरवशावर हे काम करू नका. त्याला पद्धत लागते.

पद्धत का लागते, ते घरीच करून पाहता येतं. वर्तमानपत्रातून दोन प्रसिद्ध खेळाडूंचे समोरून काढलेले, न हसणारे फोटो घ्या. मोबाइलवर दोन्ही चेहरे एका मापाचे करून छापा. नाकाच्या मधोमध आडवे कापा आणि एकाच्या डोळ्यांखाली दुसऱ्याचं तोंड नीट जुळवून चिकटवा. आता घरच्यांना विचारा, वरचा अर्धा कोणाचा? बरेच जण अडखळतात, कारण त्यांना तिसराच कोणी दिसतो. मग खालचा तुकडा अर्ध्या चेहऱ्याइतका बाजूला सरकवा. वरचा माणूस लगेच ओळखू येतो. माप जुळलं नाही किंवा सांध्यात फट राहिली, तर परिणाम फिका पडतो. १९८७ पासून मानसशास्त्रात हा प्रयोग प्रसिद्ध आहे. आपला मेंदू चेहरा सुटे भाग जोडून वाचत नाही, तो अख्खा एकदम घेतो. त्यामुळेच ‘एकंदरीत तसाच दिसतोय’ ही भावना इतकी पटकन येते आणि इतकी फसवते.

ताडून पाहताना

आधी उजेड. बऱ्याच गेटांवर डोक्यावर एकच दिवा असतो, त्याने डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली सावली पडते. माणसाला एक पाऊल पुढे, समोरून उजेड येईल असं उभं करा. टोपी, गॉगल, मास्क, पावसाळ्यात रेनकोटचं हूड काढायला सांगा, ओढणी कानामागे घ्यायला सांगा. बुरखा असेल तर महिला कर्मचाऱ्याने आडोशाला तपासावं. कार्ड मांडीवर ठेवून वर-खाली बघू नका, चेहऱ्याच्या शेजारी धरा. मान वळवताना लागणाऱ्या एक-दोन सेकंदांतही बारकावे निसटतात.

मग कानापासून सुरुवात करा. पाळी गालाला चिकटलेली आहे की लोंबती, कानाची वरची कड किती दुमडलेली आहे, आतल्या घड्या कशा आहेत. कानाचा हा घाट मोठेपणी फारसा बदलत नाही, आणि त्याकडे कोणी बघत नाही म्हणून तोतयाही त्याचा विचार करत नाही. त्यानंतर तीळ, व्रण, जन्मखूण. पुढे भुवयांची ठेवण, नाकाचा बुंधा, ओठांची कड, हनुवटी. एका वेळी एकच भाग बघा, बाकीचा फोटो दुसऱ्या कार्डाने झाका. केस, दाढी, चष्मा, वजन आणि रंग यांना सगळ्यात शेवटचं स्थान द्या. अनोळखी माणसाच्या बाबतीत डोळा नेमका केसांवर आणि चेहऱ्याच्या बाह्यरेषेवर जातो, आणि सलूनमध्ये अर्ध्या तासात बदलतं तेही हेच.

तिळाच्या बाबतीत घाई नको. फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटो ‘साफ’ करून देतात, त्यात तीळही पुसला जातो. म्हणून चेहऱ्यावर आहे आणि फोटोत नाही, एवढ्यावरून माणूस वेगळा ठरत नाही. फोटोत ठळक तीळ आहे आणि चेहऱ्यावर नाही, तर मात्र थांबा. फोटो सेल्फी असेल तर तो आरशासारखा उलटा असू शकतो, तेव्हा दुसरी बाजूही पाहा. डोळ्यांमधलं अंतर किंवा नाकाची रुंदी पट्टीने मोजण्यात अर्थ नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, कॅमेरा लांब नेला की तोच चेहरा रुंद आणि सपाट होतो.

निर्णय घेताना प्रश्न उलटा विचारा: हा दुसराच माणूस असेल, तर मला काय दिसायला हवं? साम्यं मोजत बसलात तर ती सापडतच जातात. वय, उजेड किंवा कॅमेरा यांनी ज्याचा उलगडा होत नाही असा एक ठळक फरक दहा साम्यांना पुरून उरतो. शंका उरली तर वेगळ्या काळातला फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र मागा. एकापेक्षा जास्त फोटो समोर असले की चुका कमी होतात. दुसऱ्या सहकाऱ्यालाही विचारा, पण तुमचं मत आधी सांगू नका.

एक धोका कंटाळ्याचा. शंभरातले नव्व्याण्णव जण खरेच असतात, त्यामुळे डोळा ‘हो’ म्हणायला सरावतो आणि क्वचित येणारा तोतया सुटतो. परीक्षा केंद्रावर रांग मोठी असेल तर माणसं आलटून-पालटून बसवा.

लक्षात ठेवताना

इथे रीत बरोबर उलटी. चेहरा सुटा करायचा नाही, अख्खा घ्यायचा. नव्या वर्गाचे शिक्षक किंवा नवीन इमारतीत रुजू झालेला वॉचमन यांनी ‘हा माणूस धीराचा वाटतो का, बोलका वाटतो का’ असा काहीतरी कौल मनात द्यावा. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नुसतं ‘पुरुष की स्त्री’ ठरवणाऱ्यांपेक्षा असा कौल देणाऱ्यांना चेहरे जास्त लक्षात राहिले. मात्र हा कौल फक्त स्मरणासाठी आहे. चेहऱ्यावरून माणूस प्रामाणिक आहे की नाही हे कळत नाही, आणि त्यावरून कोणाला अडवणं हा सरळ अन्याय आहे.

एका फोटोवरून चेहरा शिकता येत नाही. हसताना, बोलताना, थकलेला, बाजूने, वेगळ्या उजेडात, असा तो वेगवेगळ्या रूपांत दिसला पाहिजे. लोकलच्या डब्यात रोज समोर बसणारा माणूस रविवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत झब्ब्यात दिसला की ‘कुठे बरं पाहिलंय?’ होतं, ते याचमुळे: चेहऱ्यासोबत जागाही साठवलेली असते. म्हणून नव्या माणसाला दोन-तीन ठिकाणी जाणीवपूर्वक बघा.

नावाचं दुखणं वेगळं. ‘हे सुतारकाम करतात’ हे लक्षात राहतं, ‘यांचं आडनाव सुतार’ हे विसरतं, कारण नुसत्या नावाला मागे धागा नसतो. तो बांधून द्या: गाव, मजला, मुलाची शाळा. मग नाव अर्ध्या मिनिटाने, दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी आणि रात्री झोपताना, कुठेही न बघता, चेहरा डोळ्यांपुढे आणून आठवा. पाठ वाचण्यापेक्षा आठवण्याने जास्त पक्कं होतं.

इतकं करूनही कोणाला शेजारी, कधी घरचेही, आवाज ऐकल्याशिवाय ओळखू येत नसतील, तर तो उर्मटपणा नसतो. जन्मापासून चेहरे ओळखण्यात अशी अडचण असलेले लोक शंभरात सुमारे दोन असावेत असा अंदाज आहे. त्याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. अशा माणसाला भेटताना आधी आपलं नाव सांगा. ही अडचण अचानक सुरू झाली असेल, तर मेंदूला झटका आलेला असू शकतो. त्याच क्षणी केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

गुन्ह्याचे साक्षीदार असाल, तर संशयिताचा फोटो किंवा सीसीटीव्हीची क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उघडू नका. पुढे दंडाधिकाऱ्यांपुढे ओळख परेडमध्ये तो चेहरा ओळखीचा वाटेल, पण तो घटनेच्या जागी पाहिलेला की मोबाइलवर, हे मनाला वेगळं करता येत नाही. चुकून पाहिला असेल तर परेड सुरू होण्याआधीच दंडाधिकाऱ्यांना तसं सांगा.