क्रिप्टोचं मराठी यूट्यूब चॅनेल: तेजी ओसरल्यावरही टिकेल असं कसं वाढवावं

बिटकॉइनचा भाव चढायला लागला की क्रिप्टोवरच्या झाडून सगळ्या चॅनेलचे व्ह्यूज वाढतात, आणि ते आपल्या कामामुळेच वाढले असं प्रत्येकाला वाटतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होता. तेव्हा थंबनेलवर 'हे पाच कॉइन दहापट होणार' एवढं लिहिलं तरी गर्दी जमायची. पुढच्याच नोव्हेंबरात एफटीएक्स हे एक्स्चेंज (कॉइनची खरेदी-विक्री चालते ती कंपनी) बुडालं, भाव १६ हजारांखाली उतरला आणि गर्दी पांगली. त्या वेळच्या कितीतरी चॅनेलवर शेवटचा व्हिडिओ आजही त्याच सुमाराचा दिसतो. तेव्हा कॅमेरा घेण्याआधी एवढं ठरवा: भाव पडलेला असताना, कुणालाच काही विकत घ्यायचं नसताना, माणसानं तुमच्याकडे का यावं?

पायरी १: भाकितं सोडा, अडलेल्याचं काम करा

मंदीतही लोक शोधत असतातच. एक्स्चेंजमधले पैसे बँकेत कसे काढायचे, टीडीएस कापला तो परत मिळतो का, चुकीच्या नेटवर्कवर कॉइन पाठवले तर काय, आणि मेव्हण्यानं सांगितलेली 'महिना १० टक्के'वाली योजना खरी आहे का. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार जुना. गेनबिटकॉइन योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष होतं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्यातल्या मुख्य आरोपीला अटक केली, तोवर कित्येकांचे पैसे अडकले होते. अशा योजना ओळखायच्या कशा, यावरचा एक नीट व्हिडिओ भावाच्या शंभर भाकितांपेक्षा जास्त वर्षं चालतो.

सगळ्यात हुकमी विषय म्हणजे कर. पण 'क्रिप्टोवर ३० टक्के टॅक्स आहे' एवढं सांगून उपयोग नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. वही घेऊन कॅमेऱ्यासमोर गणित मांडा. समजा एक कॉइन १०,००० ला घेतला, १४,००० ला विकला. फायदा ४,०००. दुसरा १०,००० ला घेतला, ७,००० ला विकला. तोटा ३,०००. हातात निव्वळ फायदा उरला १,००० रुपये. पण १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमानुसार एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या फायद्यातून वजा करता येत नाही. म्हणजे कर पूर्ण ४,००० वर: ३० टक्क्यांनी १,२००, त्यावर ४ टक्के उपकर ४८, एकूण १,२४८ रुपये. कमावले हजार, कर साडेबाराशेच्या घरात! जुलै २०२२ पासूनचा १ टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेवर कापला जातो, म्हणजे १४० आणि ७० मिळून २१०. तो या करातून वळता होतो, उरलेले १,०३८ भरायचे. हे आकडे एकेक करून कागदावर उतरताना पाहणारा प्रेक्षक मधेच उठून जात नाही. दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ भावाला पाठवतो.

पायरी २: लोक टाइप करतात ते शब्द वापरा

यूट्यूबच्या शोधचौकटीत 'क्रिप्टो टॅक्स' एवढं लिहून थांबा आणि खाली काय काय सुचतं ते पाहा. विषयांची यादी तिथेच मिळते, पैसे देऊन कुठलं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. आपली बरीच माणसं मराठी प्रश्नसुद्धा रोमन लिपीत टाइप करतात. तेव्हा शीर्षक देवनागरीत ठेवा आणि वर्णनात तेच शब्द रोमन लिपीतही एकदा द्या. कर किंवा नियमांवरचा व्हिडिओ असेल तर शीर्षकात आर्थिक वर्ष घालाच. नियम बदलला की जुन्या व्हिडिओखाली कमेंट पिन करून नव्याचा दुवा द्या. यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवी फाइल चढवता येत नाही.

पायरी ३: पहिल्या अर्ध्या मिनिटात उत्तर सुरू करा

यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावर, प्रत्येक व्हिडिओचा आलेख असतो. ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक टिकले, हे तिथे दिसतं. 'नमस्कार मित्रांनो, चॅनेलवर नवीन असाल तर' हे वाक्य जिथे येतं, तिथे रेघ कशी कोसळते ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मग मला वेगळं सांगावं लागणार नाही. कॅमेरा मोबाइलचा चालेल. आवाज मात्र स्वच्छ हवा, साधा कॉलरचा माइक पुरे.

पायरी ४: स्क्रीन दाखवताना स्वतःला उघडं पाडू नका

क्रिप्टोचा व्हिडिओ स्वयंपाकाच्या व्हिडिओपेक्षा इथे वेगळा पडतो. इथरियमच्या वॉलेटचा (कॉइन ठेवायच्या डिजिटल पाकिटाचा) पत्ता क्षणभर जरी दिसला, तरी कुणीही तो इथरस्कॅन या सगळ्यांना खुल्या साइटवर टाकून तुमची शिल्लक आणि आजवरचे सगळे व्यवहार वाचू शकतो. तो पत्ता तुमच्या नावाशी आणि चेहऱ्याशी कायमचा जोडला जातो. म्हणून दाखवण्यापुरतं वेगळं वॉलेट ठेवा. शक्य तिथे सेपोलिया या टेस्टनेटवर, म्हणजे इथरियमच्या सरावाच्या नेटवर्कवर, प्रात्यक्षिक करा, तिथल्या इथरला (इथरियमच्या कॉइनला) किंमत नसते. नोटिफिकेशन बंद ठेवा, ईमेल आणि क्यूआर कोड झाका. सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेट उघडायच्या किल्लीचे, १२ किंवा २४ शब्द खोटे असले तरी स्क्रीनवर आणू नयेत असं माझं मत आहे, कारण पाहणाऱ्याला ते दाखवायची सवय लागते.

पायरी ५: कमेंट रोज साफ करा

चॅनेल जरा वर आलं की तुमचाच फोटो आणि जवळपास तुमचंच नाव लावलेली खाती कमेंटमध्ये उगवतात. 'सरांशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोला' म्हणून नंबर देतात. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये अडवायच्या शब्दांची यादी असते. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम आणि त्यांची वाकडीतिकडी स्पेलिंगं भरून ठेवा, दुवे असलेल्या कमेंट रोखा.

यापेक्षा कावेबाज एक प्रकार आहे. एखादा भोळेपणानं विचारतो, 'माझ्या वॉलेटमध्ये यूएसडीटी आहेत, हे माझे १२ शब्द, पैसे कसे काढू?' वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तो वॉलेट उघडतो, यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले कॉइन) खरेच दिसतात, पण ते हलवायला फी म्हणून थोडे टीआरएक्स (ट्रॉन या नेटवर्कचे कॉइन) लागतात. तो स्वतःचे टीआरएक्स त्यात टाकतो आणि ते गेलेच म्हणून समजा. त्या वॉलेटमधून काही पाठवायचा अधिकार ट्रॉनच्या परवानगी-व्यवस्थेनं आधीच दुसऱ्याच पत्त्याकडे दिलेला असतो. चोरावर मोर व्हायला गेलेला माणूस पोलिसांत कुठल्या तोंडानं जाणार? अशी कमेंट नुसती उडवू नका, तिचा फोटो काढून त्यावर व्हिडिओ करा.

पायरी ६: पैसे घ्या, पण सांगून घ्या

जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास वॉच टाइम लागतो (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). लहान मराठी चॅनेलला त्यातून फार मिळत नाही. म्हणून हात एक्स्चेंजच्या रेफरल दुव्याकडे जातो. त्या दुव्यानं आलेल्या माणसाच्या ट्रेडिंग फीतला वाटा बहुधा तुम्हाला मिळतो. म्हणजे त्यानं जितके जास्त सौदे करावेत तितका तुमचा फायदा, मग त्याचं नुकसान का होईना. हे ओझं ज्याला झेपेल त्यानं दुवा द्यावा, आणि दुव्याशेजारीच 'यातून मला पैसे मिळतात' असं स्वच्छ लिहावं. एक्स्चेंज केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे का, हेही आधी तपासावं. मार्च २०२३ पासून ही एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली येतात.

पैसे घेऊन व्हिडिओ केला तर अपलोड करताना 'सशुल्क प्रचार' ही खूण करा. शिवाय एप्रिल २०२२ पासून अ‍ॅस्कीच्या (जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेच्या) नियमांनुसार क्रिप्टोच्या जाहिरातीत ठरावीक इशारा द्यावा लागतो: ही उत्पादनं अनियंत्रित आणि अतिशय जोखमीची आहेत, नुकसान झालं तर नियामकाकडे दाद मागता येईलच असं नाही. तो किमान ५ सेकंद पडद्यावर हवा आणि नेहमीच्या गतीनं वाचायला हवा, रेल्वेच्या घोषणेसारखा उरकायचा नाही. लपवाछपवी महाग पडते. अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दशियननं इथरियममॅक्स या कॉइनच्या पोस्टसाठी अडीच लाख डॉलर घेतल्याचं सांगितलं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये एसईसी या अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाशी तडजोड करताना तिला साडेबारा लाख डॉलरहून जास्त भरावे लागले.

पायरी ७: चॅनेलला कुलूप लावा

क्रिप्टोचे भामटे चालू चॅनेल पळवतात आणि त्यावर खोटी लाइव्ह स्ट्रीम सुरू करतात. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्ससारखं तंत्रज्ञानावरचं बलाढ्य चॅनेल असंच गेलं होतं. प्रायोजकाचा प्रस्ताव वाटणारी फाइल एका कर्मचाऱ्यानं उघडली आणि लॉगिन चोरीला गेलं. २० सप्टेंबर २०२४ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या चॅनेलवर रिपल या क्रिप्टो कंपनीचे व्हिडिओ दिसू लागले होते.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन हवंच, पण वरच्यासारख्या चोरीत ते पुरत नाही, कारण चोर पासवर्ड न टाकता आधीच उघडलेलं सेशन (चालू लॉगिन) उचलतो. प्रायोजकाच्या ईमेलमधल्या झिप फाइली चॅनेल चालतं त्या लॅपटॉपवर उघडू नका. कंपनीच्या अधिकृत साइटवरून तुम्हीच संपर्क करून खातरजमा करा. एडिटरला पासवर्ड देऊ नका, स्टुडिओच्या परवानग्यांमधून 'एडिटर' म्हणून जोडा आणि काम संपलं की काढा. मूळ फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. डिसेंबर २०१९ मध्ये यूट्यूबनं क्रिप्टोचे बरेच व्हिडिओ काढून टाकले आणि मग ती चूक होती म्हणून परत दिले. दरवेळी परत मिळतीलच असं नाही.