जुना ड्रॉइंग टॅब्लेट जुन्या लॅपटॉपवर कसा चालवावा

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा ड्रॉइंग टॅब्लेट, म्हणजे पेनाने काढलेली रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटवणारी पाटी, आजच्या संगणकाच्या गळी उतरवत बसण्यापेक्षा त्याच्याच काळातला लॅपटॉप आणि त्याच काळातली प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) मिळवणे बहुधा कमी खटपटीचे ठरते. नाशिकमध्ये असा लॅपटॉप मिळणे फारसे अवघड नाही, कारण सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांत यंत्रांचे प्रोग्रॅम भरण्यासाठी सिरियल पोर्ट (यूएसबीच्या आधीची जोडणीची जागा) असलेले जुने लॅपटॉप जपून ठेवलेले असतात आणि नवी यंत्रे आली की ते विक्रीला निघतात. डेल लॅटिट्यूडच्या डी ६०० ते डी ६३० या मॉडेलांना मागच्या बाजूस नऊ पिनांचा सिरियल पोर्ट आणि शिवाय यूएसबी अशी दोन्ही सोय असल्यामुळे या कामासाठी ती मला सर्वांत सोयीची वाटतात.

लॅपटॉप घेण्याआधी मात्र टॅब्लेट उलटा करून त्याच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक वाचावा. वॅकॉम या टॅब्लेट बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या मॉडेलांत क्रमांकाच्या शेवटी ‘यू’ हे इंग्रजी अक्षर असेल तर जोडणी यूएसबीची असते, ‘आर’ असेल तर सिरियलची आणि ‘ए’ असेल तर जुन्या मॅकिंटॉशच्या एडीबी पोर्टची असते. यांपैकी ‘ए’ प्रकारचा टॅब्लेट विंडोजच्या लॅपटॉपसाठी घेऊच नये. कितीही स्वस्त मिळाला तरी त्यासाठी लागणाऱ्या जोडण्या शोधण्यात सगळा उत्साह संपतो. वॅकॉमच्याच ग्राफायर किंवा बांबू मालिकेतील नंतरच्या मॉडेलांवर असे शेवटचे अक्षर नसते, पण त्यांची केबल पाहूनच उलगडा होतो.

पेनाची खात्री त्याहून महत्त्वाची आहे. या टॅब्लेटच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. ती सोडत असलेल्या विद्युतचुंबकीय लहरींवरच पेनातील मंडल (सर्किट) चालते, म्हणून पेनात बॅटरी नसते. पण ग्राफायरचे पेन वॅकॉमच्या इंट्युओस मालिकेवर चालत नाही आणि एकाच मालिकेच्या वेगवेगळ्या पिढ्यांची पेनेही परस्परांना चालतीलच असे नाही. त्यामुळे मूळ पेनाशिवाय विकला जाणारा टॅब्लेट घेऊ नये. यूएसबीचा टॅब्लेट दुकानातल्या कोणत्याही संगणकाला जोडून पेन टेकवून पाहावे. बऱ्याच मॉडेलांत पेन ओळखले जाताच दिव्याचा रंग बदलतो किंवा तो अधिक उजळतो, आणि त्यासाठी सहसा ड्रायव्हर (टॅब्लेट चालवणारे सॉफ्टवेअर) लागत नाही.

यूएसबीचा टॅब्लेट विंडोज एक्सपीवर बसवण्याचे काम थोडक्यात होते. आधी कोणताही जुना टॅब्लेट ड्रायव्हर काढून टाकावा, लॅपटॉप पुन्हा सुरू करावा, आपल्या मॉडेलचा एक्सपीसाठीचा ड्रायव्हर बसवावा आणि मग टॅब्लेट जोडावा. लॅपटॉपचे पोर्ट यूएसबी १.१ चे असले तरी बिघडत नाही, कारण पेनाची माहिती अगदी थोडी असते. एक्सपीला मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाली. म्हणून ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावा आणि हा लॅपटॉप इंटरनेटला जोडूच नये.

सिरियल टॅब्लेटला जास्त काळजी लागते. त्याच्या अनेक मॉडेलांना स्वतंत्र अडॅप्टर लागतो आणि तो बहुतेक वेळा हरवलेला असतो. नवा घेताना टॅब्लेटवर छापलेले व्होल्ट आणि पिनेची धन-ऋण बाजू दोन्ही जुळवावीत, आणि अडॅप्टर लावण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजून घ्यावा. जुन्या धाटणीचे जड, ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर भार नसताना छापील आकड्यापेक्षा बरेच जास्त व्होल्ट दाखवतात, त्यामुळे रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा, अडॅप्टरच मागावा. टॅब्लेट जोडून त्याला वीज दिल्यानंतरच लॅपटॉप सुरू करावा. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिरियल पोर्ट बंद केलेला नाही ना, हेही पाहावे.

आता ड्रायव्हर बसवण्याच्या घाईला आवर घालून टॅब्लेट बोलतो का ते तपासावे. एक्सपीमध्ये पोर्टशी थेट अक्षरांची देवाणघेवाण करणारा हायपरटर्मिनल हा प्रोग्रॅम असतो. त्यात कॉम १ (विंडोजने सिरियल पोर्टला दिलेले नाव) निवडून वेग ९६००, डेटा ८ बिट, पॅरिटी नाही आणि स्टॉप बिट १ अशी मांडणी करावी, आणि टिल्ड (~) व हॅश (#) ही दोन चिन्हे लागोपाठ टंकून एंटर दाबावे. जुन्या वॅकॉम टॅब्लेटकडून मॉडेल क्रमांक आणि आवृत्ती उत्तरादाखल पडद्यावर उमटते. निरर्थक अक्षरे आली तर वेग किंवा मांडणी चुकली आहे. काहीच आले नाही तर अडॅप्टर, केबल किंवा पोर्ट यांत दोष आहे आणि ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवून तो सुटणार नाही. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर वापरावाच लागला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याला कॉम १ ते ४ यांपैकी क्रमांक द्यावा, कारण जुनी सॉफ्टवेअरे अनेकदा त्यापुढचे पोर्ट पाहतच नाहीत.

ज्यांना एक्सपी नको असेल त्यांनी ३२ बिटांच्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली बसवावी. ३२ बिटांसाठी इन्स्टॉलर असलेली ती डेबियनची शेवटची आवृत्ती आहे. यूएसबीचे जुने वॅकॉम टॅब्लेट लिनक्सच्या कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) ड्रायव्हर आपोआप ओळखतो. जुन्या सिरियल मॉडेलांपैकी अनेकांसाठी इनपुट-अटॅच हा छोटा प्रोग्रॅम वॅकॉम फोर प्रोटोकॉलच्या पर्यायासह चालवावा लागतो.

कर्सर हलतो पण रेघ जाड-बारीक होत नाही, ही तक्रार दोन्ही प्रणालींवर नेहमी ऐकू येते. गिंप २.८ या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट मेनूतील इनपुट डिव्हाइसेस उघडून पेनाचा मोड ‘डिसेबल्ड’वरून ‘स्क्रीन’वर न्यावा आणि ब्रशच्या डायनॅमिक्समध्ये दाबाला आकाराशी जोडावे. कर्सर थरथरत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर पाहावे. थरथर थांबली तर दोष विजेच्या पुरवठ्यात आहे. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये तीन पिनांच्या सॉकेटलाही कधीकधी अर्थिंग नसते, तेव्हा वायरमनकडून ते तपासून घ्यावे. लोखंडी टेबलावर टॅब्लेट ठेवणेही टाळावे.

जुन्या जोडीचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. ग्राफायर ३ च्या लहान मॉडेलचे रेखाटनक्षेत्र १२७.६ × ९२.८ मिलिमीटर आहे, म्हणजे ते १०२४ × ७६८ च्या पडद्याच्या प्रमाणाशी जवळपास जुळते आणि गोदाघाटावरच्या मंदिराचा कळस काढताना तो चपटा होत नाही. हाच टॅब्लेट १६:९ च्या पडद्यावर वापरताना प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडला, तर उंचीतले सुमारे २१ मिलिमीटर वाया जातात, आणि न निवडल्यास वर्तुळ लंबगोल होते.

रॅम ५१२ एमबी असेल तर चित्र ए-५ आकारात ३०० डीपीआयवर ठेवावे. त्याचा प्रत्येक थर (लेयर) सुमारे १७ एमबी जागा घेतो, ए-४ चा त्याच्या दुप्पट. त्यात प्रत्येक अनडूसाठी लागणारी जागा वेगळी, म्हणून चार-पाच थरांवर थांबून झालेले थर एकत्र करत जावे.