किलोचा भाव आणि ताटातला भाव: कमी खर्चात चौघांचा स्वयंपाक

भाजी घेताना आपण किलोचा भाव विचारतो, पण खाल्ली जाते ती सोलून-निवडून उरलेली भाजी. मटाराच्या 1 किलो शेंगा सोलल्या की हातात साधारण 400 ते 450 ग्रॅम दाणे येतात. म्हणजे दाण्यांचा खरा भाव पाटीवरच्या भावाच्या सव्वादोन ते अडीच पट झाला. कोबीचं उलट आहे. वरची दोन-तीन पानं आणि मधला कडक दांडा सोडला तर जवळपास सगळा गड्डा पातेल्यात जातो. फ्लॉवर या दोघांच्या मधला, आणि तो स्वस्त की महाग हे आपल्याच हातात असतं. पानं आणि जाड देठ टाकून दिले तर गड्ड्याचा मोठा भाग कचऱ्यात जातो. देठाची वरची साल काढून पातळ चकत्या केल्या आणि तुऱ्यांच्या 4-5 मिनिटं आधी पातेल्यात टाकल्या, तर त्याही मऊ शिजतात.

नेहमीच्या सात-आठ वस्तूंचं असं वजन एकदाच करा: आणलेलं किती, निवडून उरलं किती. दिलेल्या पैशांना दुसऱ्या आकड्याने भागा. कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. घरातलं बजेट बसवायला एवढी एक यादी पुष्कळ उपयोगी पडते, कारण बहुतेक वेळा महाग वाटणारी वस्तू आणि खरोखर महाग पडणारी वस्तू वेगवेगळ्या निघतात.

या यादीत एक गट असा आहे की जो निवडून कमी होण्याऐवजी शिजून वाढतो: सुकी कडधान्यं. 500 ग्रॅम राजमा किंवा छोले शिजून 1.1 ते 1.2 किलो होतात. कोरड्या कडधान्यात 20 ते 25 टक्के प्रथिनं असतात आणि पोतं महिनोन्‌महिने टिकतं. म्हणून कमी खर्चाच्या स्वयंपाकाचा पाया इथे घालायचा.

एकदा शिजवा, तीनदा वाढा

500 ग्रॅम कडधान्य निवडून दोन पाण्यांनी धुवा. 2 लिटर पाण्यात 20 ते 25 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात 8 ते 10 तास भिजत घाला. मिठाने कडधान्य शिजत नाही असं सर्रास सांगतात, पण भिजवण्याच्या पाण्यात ते उलट काम करतं. सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा सोडियम घेतं, साल मऊ होते आणि दाणे फुटून पीठ होत नाहीत. हवा गरम असेल तर भिजवलेलं भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो. शिजवण्याआधी हे पाणी टाका आणि दाणे धुवून घ्या. पोट फुगवणाऱ्या शर्करांचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो.

कुकर निम्म्याच्या वर भरू नका. कडधान्यं फुगतात, फेस येतो आणि तो फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. चमचाभर तेल टाकलं तर फेस कमी येतो. पाणी दाण्यांच्या वर 2 ते 3 सेंटिमीटर पुरे. कुकरमध्ये पूर्ण दाब येईपर्यंत मोठी आच, मग अगदी मंद. भिजवलेल्या छोल्यांना किंवा राजम्याला त्यानंतर 20 ते 25 मिनिटं लागतात. अख्ख्या मसुराला न भिजवताही 8 ते 10 मिनिटं बास. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जाऊ द्या. त्या वेळात दाणे शिजतच असतात, आणि तेही फुकट.

शिजलं की नाही ते पाहायला चमच्यात पाच-सहा दाणे घेऊन हलकी फुंकर मारा. साल सुटून वळली की बहुतेक झालं. मग एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबा. बोटचेपा हवा, आणि चिरडल्यावर मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका दिसता कामा नये. एकाच दाण्यावर विश्वास ठेवू नका, तो नेमका भांड्याच्या तळाचा असतो.

राजम्याबाबत एक गोष्ट कसोशीने पाळा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते नष्ट व्हायला भिजवलेला राजमा किमान 10 मिनिटं खळखळ उकळावा लागतो. कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही. पण मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तापमान तिथवर पोचतंच असं नाही, आणि अर्धवट शिजलेल्या चार-पाच दाण्यांनीसुद्धा काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. तसं भांडं वापरायचंच असेल तर राजमा आधी वेगळ्या पातेल्यात उकळून घ्या.

इतकं करूनही दाणे कडकच राहिले तर कारण तीनपैकी एक असतं. पहिलं, माल जुना. वर्षानुवर्षं उबदार, दमट जागी पडलेल्या कडधान्यात गणंग दाणे वाढत जातात आणि ते कितीही शिट्ट्या केल्या तरी दाद देत नाहीत. दुसरं, पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं. तिसरं, आंबट घाई केली. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर, काहीही आंबट दाणे मऊ झाल्यावरच घाला. आम्लात साल मऊ व्हायचीच थांबते. जड पाण्यावर आणि थोड्याफार जुन्या मालावर खायचा सोडा चालतो, पण 500 ग्रॅमला पाव छोटा चमचा, त्याहून जास्त नाही. जास्त सोड्याने साबणासारखी चव येते, दाण्यांचा लगदा होतो आणि ब-1 जीवनसत्त्वही जातं. नवी पिशवी जुन्या डब्यात कधी ओतू नका. निम्मे दाणे शिजतील, निम्मे टणक राहतील आणि दोन्ही बिघडतील.

आता हे 1.1-1.2 किलो कसं वाटायचं? दोन मोठी माणसं आणि दोन मुलं धरली तर पहिल्या दिवशी 500 ग्रॅम रस्स्यात जातं. शिजवलेलं पाणी फेकू नका, तोच रस्सा. डावभर दाणे ठेचून परत त्यात ढवळले की दाटपणा येतो, वेगळं काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी 400 ग्रॅम कोरडे: निथळून, कांदा आणि बटाट्याच्या फोडींबरोबर कडा खरपूस होईपर्यंत परतलेले, किंवा तांदळाबरोबर एकाच भांड्यात शिजवलेले. उरलेले 200 ते 300 ग्रॅम एकटे पुरणार नाहीत. ते कुस्करून, दोन उकडलेल्या बटाट्यांत मिसळून टिक्क्या थापा, नाहीतर भाज्यांच्या सूपमध्ये घाला. दर वेळी रूप बदललं पाहिजे, नुसता मसाला बदलून भागत नाही. तोच रस्सा तिसऱ्यांदा समोर आला की घरातले जेवत नाहीत, आणि टाकून दिलेल्या अन्नाइतकं महाग अन्न दुसरं नाही.

शिजवलेले दाणे पसरट डब्यात काढा म्हणजे लवकर निवतात. 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. तिथे 3-4 दिवस चांगले राहतात. फ्रीझरमध्ये ठेवायचे तर एका जेवणाला लागतील एवढेच एका डब्यात, शिजवलेल्या पाण्यात बुडालेले, वर तारखेची चिठ्ठी.

भात, आच आणि तेल

मोठ्या माणसाला 70 ते 80 ग्रॅम तांदूळ पुरतात. चौघांना 250 ते 300 ग्रॅम. अंदाजाने मूठ-मूठ टाकत गेलं की रोज वाटीभर भात उरतो. उरलेला भात दिवसभर ओट्यावर ठेवणं मात्र धोक्याचं. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष परत गरम केल्याने जात नाही. उरणार असं दिसलं की तासाभरात पसरून निववा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. एकदाच गरम करा, वाफा येईपर्यंत.

उघड्या भांड्यात पाणी उकळलं की ते 100 अंशांच्या आसपासच राहतं, आच कितीही वाढवा. मोठ्या आचेने फक्त पाणी लवकर उडतं. म्हणून उकळी फुटली की आच कमी करा आणि झाकण ठेवा. पातेल्यात भात करताना उकळीनंतर अगदी मंद आचेवर 12 मिनिटं, मग गॅस बंद करून झाकण न उघडता 10 मिनिटं. मध्येच झाकण उघडून पाहायचा मोह होतो. तेवढ्यात वाफ जाते आणि वरच्या थरात कणी राहते.

तेल बाटलीतून सरळ कढईत ओतण्याची सवय सोडा. कांदा परतायला चार मोठे चमचे तेल घालतात तिथे दोन पुरतात, जर कांद्यावर आधी चिमूटभर मीठ टाकून 5 मिनिटं झाकण ठेवलं तर. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, तो स्वतःच्या पाण्यात मऊ होतो. मग झाकण काढून मध्यम आचेवर परता. तळाला लागायला आला की चमचाभर पाणी शिंपडून खरवडा. तो तपकिरी थरच चव देतो. चारदा असं केलं की कांदा गडद होतो. 15-20 मिनिटं लागतात. घाई करून आच वाढवली तर कडा करपतात, आतून कच्चा राहतो आणि सगळा पदार्थ कडवट होतो.

स्वस्त जेवण बेचव लागतं ते बहुधा इथेच: कांदा पांढरा, आंबट काही नाही. मीठ बरोबर असूनही पदार्थ सपक लागत असेल तर आणखी मीठ नको, उतरवताना लिंबाचे काही थेंब घाला.

मांस असेल तर

1.5 किलोची अख्खी कोंबडी शिजून साधारण 600 ते 700 ग्रॅम मांस देते. सोललेल्या तुकड्यांपेक्षा ती स्वस्त पडते ती हाडांचाही उपयोग केला तरच. हाडं 2 लिटर पाण्यात कुकरमध्ये मंद आचेवर 40 मिनिटं ठेवा, गाळा. त्या पाण्यात दुसऱ्या दिवशीचा भात किंवा सूप होतं. खिमा पुरवठ्याला आणायचा तर 250 ग्रॅम खिम्यात 250 ग्रॅम शिजवलेला अख्खा मसूर मिसळा. मसूर नीट निथळलेला हवा, नाहीतर खिमा परतला न जाता पाण्यात उकडतो.

भाज्यांच्या टाकाऊ भागांचं पाणी काढायचं तेही थोडं तारतम्याने. गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या, मटाराच्या टरफलांसारखं धुतलेलं काहीही फ्रीझरमधल्या एका पिशवीत साठवा. 500 ग्रॅम जमलं की 1.5 लिटर पाण्यात 40 मिनिटं. कोबी-फ्लॉवरचे तुकडे घालू नका, जास्त वेळ शिजले की गंधकासारखा वास येतो. कांद्याच्या साली रंगापुरत्या दोन-चार, जास्त झाल्या तर पाणी कडू होतं. मूठभर सालींसाठी तासभर गॅस जाळणं मात्र काटकसर नव्हे.

आठवड्याची आखणी

सातही दिवसांचा बेत लिहू नका, मोडतो. चार जेवणं ठरवा, एक उरलंसुरलं संपवण्याचं, दोन मोकळी. पालेभाजी आणि मांस पहिल्या दोन दिवसांत, कोबी, गाजर, बटाटा शेवटी. फ्रिजच्या पुढच्या कप्प्यात एक डबा ‘आधी हे’ म्हणून ठेवा. अर्धा टोमॅटो, वाटीभर दही, दोन मिरच्या तिथे गेल्या की दिसतात. मागच्या कप्प्यात गेल्या की बुरशी आल्यावरच सापडतात. पालेभाजी धुवून ठेवली तर सडते. न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळा. बटाटे अंधारात, कांद्यांपासून लांब ठेवा. एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. बटाट्यावर हिरवा डाग दिसला तर तेवढा भाग जाडसर कापून टाका, बटाटा बराचसा हिरवा आणि कडू असेल तर पूर्णच टाका.

मोठं पाकीट घेताना 100 ग्रॅमचा भाव काढून पाहा, नेहमीच स्वस्त असतं असं नाही. आणि तीन महिन्यांत संपणार नसेल तर स्वस्त असूनही नको.

बिघडलं तर

खारट रस्स्यात बटाटा टाकून मीठ शोषलं जातं असं म्हणतात. बटाटा रस्स्याबरोबर थोडं मीठ घेतो, पण उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो. उपाय एकच, मिठाशिवायचं काहीतरी वाढवा: शिजवलेले आळणी दाणे, पाणी, दही. म्हणूनच शिजवलेल्या कडधान्याचा फ्रिजमधला डबा नेहमी आळणी ठेवावा.

तळ करपला तर ढवळू नका, खरवडू तर मुळीच नका. गॅस बंद करून वरचा भाग अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा आणि करपलेला थर तसाच सोडा. चाखून पाहा. जळका वास वरपर्यंत पोचला नसेल तर जेवण वाचलं. पातेल्यात गरम पाणी आणि चमचाभर सोडा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी थर सुटून येतो.