गोल तांबड्या पेशींचा उंदीर : या चुका टाळा

आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या रक्ताच्या आजाराच्या अभ्यासासाठी आपण अँकिरिन किंवा स्पेक्ट्रिन या प्रथिनांच्या जनुकात बिघाड असलेले उंदीर पाळतो. पेशीच्या पडद्याखालची जाळी कच्ची, म्हणून पेशी गोल होते, प्लीहेत अडकते, फुटते. इथवर सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रापाशी.

‘पांढऱ्या पेशी ४०,०००! संसर्ग झालाय वाटतं.’ थांबा, आधी स्मिअर काढा, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. अस्थिमज्जेवर ताण आला की केंद्रक असलेल्या कच्च्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात आणि बरीच यंत्रं त्यांना पांढऱ्या समजून मोजतात. १०० पांढऱ्या पेशी मोजताना अशा १५० दिसल्या, तर ४०,००० ला १०० ने गुणून २५० ने भागा. उरतात १६,०००. मग अँटिबायोटिकचा विचार करा.

एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, त्याहून फसवा. उंदराची तांबडी पेशी साधारण ४५ ते ५० फेम्टोलिटरची, माणसाची ८० ते १००. यंत्र माणसाच्या सेटिंगवर राहिलं, तर आकडे कागदावर येतात, पण त्यांना अर्थ नसतो. सेटिंग बरोबर असलं, तरी रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी, आकाराने मोठ्या. त्यांची गर्दी झाली की लहान गोल पेशी सरासरीत लपून जातात. स्लाइडवर मात्र मधला फिकट भाग नसलेल्या त्या गडद गोळ्या लगेच डोळ्यांत भरतात.

निरोगी उंदरातही रेटिक्युलोसाइट काही टक्के असतातच. त्याची तांबडी पेशी जेमतेम ४० दिवस जगते, माणसाची १२०. त्यामुळे तुलना त्याच विणीतल्या निरोगी भावंडांशीच करा. प्लीहेचंही तसंच: प्रौढ उंदराच्या प्लीहेत रक्त तयार होत असतं, तेव्हा ती सुजली म्हणजे नुसत्या पेशी अडकल्या असं समजू नका.

वारंवार रक्त काढलं की ॲनिमिया आपणच वाढवतो. २५ ग्रॅमच्या निरोगी उंदरात जेमतेम पावणेदोन मिली रक्त. एका वेळी ०.२ मिलीच्या वर जाऊ नका, आजारी उंदराकडून त्याहूनही कमी घ्या.

आणि ‘दोन वाहकांच्या (बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांच्या) जोडीतून चौथा हिस्सा आजारी निघालाच नाही’ ही तक्रार. गणती तिसऱ्या आठवड्यात, आईपासून तोडताना केलीत ना? फिकट, पिवळट पिल्लं बरेचदा त्याआधीच जातात आणि आई ती खाऊनही टाकते. पिंजरा पहिल्याच दिवशी बघा, आणि मेलेलं पिल्लू सापडलं तर जीनोटायपिंगसाठी (जनुकाच्या तपासणीसाठी) त्याच्या शेपटीचा तुकडा जपून ठेवा.