बाइकला मनाजोगता रंग: काय निवडायचं आणि पैसे कसे द्यायचे

रंगकाम करून आणलेली गाडी पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच छान दिसते. काम कसं झालंय ते एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर कळतं. टाकीच्या झाकणाभोवती पेट्रोल सांडून रंग फुगतो, पुट्टीच्या कडेनं केसाएवढी रेघ उमटते, मडगार्डच्या आतून गंज वर येतो. शेड चुकली म्हणून हे होत नाही. शेडच्या खाली आणि वर जे थर असतात, त्यांत कुणीतरी हात आखडता घेतला की होतं. म्हणून रंगकामाचे पैसे देताना आपण कोणत्या थराचे पैसे देतोय हे माहीत असावं, आणि तो थर झाकला जाण्याआधी डोळ्यांनी पाहावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

सुरुवात आरसीपासून

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. काळी म्हणून नोंदलेली गाडी लाल झाली, तर नाकाबंदीत प्रश्न येतो, विम्याच्या दाव्यात येतो आणि गाडी विकताना तर हमखास येतो. तेव्हा पेंटरकडे जाण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात रंगबदलाच्या नोंदीची चौकशी करा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आधी घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. मूळ रंग तोच ठेवणार असाल, तर हा प्रश्न येत नाही.

बुलेटवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ‘मिलिटरी कलर’ मागायला पुष्कळ पोरं येतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे लष्कराच्या वाहनांखेरीज इतर कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. पेंटर देईल, कारण त्याला विचारणारं कुणी नसतं. रस्त्यावर थांबवतील ते तुम्हाला. दुसरा एखादा गडद हिरवा घ्या आणि तोच आरसीवर नोंदवा. नंबर प्लेट, इंडिकेटर आणि मागच्या दिव्याच्या काचेला मात्र रंगाचा हात लागू देऊ नका.

किती भाग रंगवायचे

टाकी, दोन्ही साइड कव्हर आणि मडगार्ड एवढंच बहुतेकांना पुरतं. हे भाग तासाभरात निघतात आणि गाडीचं रूप त्यांच्यावरच ठरतं. फ्रेम रंगवायची म्हटली की इंजिन उतरवणं, वायरिंग काढणं, सगळं परत जुळवणं आलं. ती मेकॅनिकची मजुरी रंगाच्या भावात धरलेली नसते, हे आधी विचारून घ्या.

फ्रेम, स्टँड, लेगगार्ड यांना स्प्रेपेक्षा पावडर कोटिंग चांगलं. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भट्टीत भाजली जाते आणि दगड-खडी सहज सोसते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत कंपन्यांचे सुटे भाग कोट करणारी जॉबवर्कची युनिट आहेत, चौकशी केली तर बाइकची फ्रेम घेणारं एखादं सापडतं. देताना दोन गोष्टी बजावून सांगा. फ्रेमवर ठोकलेल्या चेसिस नंबरवर टेप लावायची, नाहीतर पावडर अक्षरांत भरून नंबर वाचता येत नाही आणि आरटीओत गाडी अडकते. बेअरिंगच्या जागा आणि आट्यांची भोकंही झाकायची.

टाकी देताना पेट्रोल पूर्ण काढा आणि ती उघडी ठेवून वाळवा. रिकाम्या टाकीतही वाफ राहते. पोचा काढायला कुणी गॅसची बत्ती किंवा वेल्डिंग टाकीजवळ आणलं, तर ती वाफ जीव घेऊ शकते. टाकीच्या आत गंज असेल तर आधी तो काढा. आतून सडत चाललेल्या पत्र्यावर बाहेरून कितीही महाग रंग द्या, वर्षभरात पुळ्या येतात.

शेड: आपल्या उन्हात आणि धुळीत काय टिकतं

साधा सॉलिड रंग सगळ्यांत सुटसुटीत. ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त होते. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते स्प्रे गनच्या अंतराप्रमाणे आणि दाबाप्रमाणे बसतात. त्यामुळे टाकी आज आणि मडगार्ड परवा मारलं की दोन्हींत फरक दिसतो. सगळे भाग एकाच दिवशी, एकाच डब्यातून मारायला सांगा.

कॅन्डी कलर डोळ्यांत भरतो यात वाद नाही. खाली चंदेरी बेस आणि वर पारदर्शक रंगाचे हात, जितके हात जास्त तितका रंग गडद. पण एका जागी ओरखडा गेला तर तिथलाच तुकडा जुळवणं जवळपास अशक्य, अख्खी टाकी पुन्हा करावी लागते. गाडी रोज बाजारात, शाळेपुढे, गर्दीत लावायची असेल, तर कॅन्डीच्या नादी लागू नका, असंच मी सांगेन.

मॅटचंही तसंच. मॅटला पॉलिश करता येत नाही. जिथं गुडघा घासतो तिथं चकचकीत डाग पडतो आणि तो जात नाही. काळ्या मातीची धूळ ओल्या फडक्यानं घासली की बारीक रेघा कायमच्या राहतात. काळ्या चकाकीवर त्या जास्त दिसतात, करड्या किंवा क्रीमवर कमी. काही लाल आणि पिवळ्या शेड उन्हानं लवकर उडतात. गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहत असेल, तर पेंटरला तसं सांगून त्यातली टिकाऊ शेड आणि चांगल्या प्रतीचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर, मागा.

नक्षी करायची असेल, तर मोबाइलवर दिसणाऱ्या कवट्या आणि ज्वाळा सोडून थोडं आपल्याकडे बघा. पैठणीच्या पदरावरचा मोर, हिमरू कापडावरची वेलबुट्टी टाकीच्या कडेनं बारीक सोनेरी रेघेत इतकी देखणी दिसते, की दुसरं काही लागत नाही. हे हाताचं काम आहे. त्याची मजुरी वेगळी धरा, आधी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना काढून घ्या आणि त्या नमुन्याचेही पैसे द्या.

दुकान पारखायचं कसं

फोटोत सगळं गुळगुळीत दिसतं. वर्षभरापूर्वी रंगवलेली एखादी गाडी दाखवायला सांगा. चांगला पेंटर गल्लीतल्याच कुणाची तरी गाडी बोलावतो.

मग विचारा, “उस्ताद, क्लिअर कोणता मारता? हार्डनरवाला का नुसता लॅकर?” हार्डनर (घट्ट करणारं दुसरं द्रावण) घालून वाळणारा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे टू-के क्लिअर, सांडलेलं पेट्रोल सोसतो. जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर नुसता थिनर उडून वाळतो. पुन्हा थिनर लागलं की तो विरघळतो, आणि पेट्रोलनंही मऊ पडतो. दुकानात रंगवून वाळलेला एखादा जुना तुकडा असेल, तर पेंटरला विचारून पांढऱ्या फडक्यावर थोडं थिनर घ्या आणि कोपऱ्यात चार-पाच वेळा घासा. फडकं रंगलं आणि जागा चिकट झाली तर तो लॅकर. नीट वाळलेल्या टू-केचं फडकं पांढरंच राहतं. ज्या टाकीत आठवड्याला पेट्रोल भरायचं, तिच्यावर लॅकर मारून घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

हार्डनर कसा मोजतात तेही बघा. डब्यावर प्रमाण छापलेलं असतं, कुठं दोनास एक, कुठं चारास एक. खुणा असलेल्या मापात ओतणारा माणूस आणि झाकणानं अंदाजे टाकणारा माणूस यांच्या कामात वर्षभरानं फरक दिसतो. प्लॅस्टिकच्या साइड कव्हरला वेगळा प्रायमर लागतो, तो न देता मारलेला रंग पापुद्र्यांनी निघतो. टू-केच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असतं. पेंटर कार्ट्रिजचा मास्क घालतो का, हे त्याच्या काळजीपोटी विचारा. घराच्या अंगणात, पोरंबाळं खेळत असताना हे काम कुणाला करू देऊ नका.

भाव एका आकड्यात घेऊ नका

“टाकी-कव्हर-मडगार्डचे किती?” एवढंच विचारलं की एकच आकडा मिळतो आणि त्यात काय आहे ते कळत नाही. कागदावर वेगवेगळं लिहून घ्या: जुना रंग काढणं, पोचे आणि पुट्टी, प्रायमर, बेस कोटचं (क्लिअरखालच्या रंगाच्या थराचं) नाव आणि शेड नंबर, क्लिअरची कंपनी आणि हात किती, नक्षी, खोल-जोड, आणि गाडी देण्याची तारीख. जीएसटी धरून की वरून, हेही विचारा. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा व्यवसायाला जीएसटीची नोंदणी बंधनकारक नाही. नोंदणी नसलेल्या दुकानाला बिलात जीएसटी लावता येत नाही.

दोन दुकानांच्या भावात मोठा फरक आला, तर स्वस्त कागदावर कोणता थर नाही ते शोधा. बहुतेक वेळा जुना रंग न काढता वरून मारणं आणि क्लिअरचा एकच हात, इथंच पैसे वाचवलेले असतात. ठरलेल्या भावात घासाघीस करून पेंटरला पिळूनही उपयोग नाही. तो कमी पडलेले पैसे मालातूनच काढणार.

केव्हा करायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा सगळ्यांत चांगला काळ. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना थिनर हवेतच उडतं, रंग पत्र्यावर कोरडा पडतो आणि हाताला खरखरीत लागतो. तेव्हा काम करायचंच असेल, तर सकाळी लवकर आणि सावकाश उडणारं थिनर वापरून. वळवाच्या वावटळी सुरू झाल्या की उघड्या शेडमध्ये क्लिअर मारणं म्हणजे धूळ चिकटवणं. पावसाळ्यात दमट हवेनं लॅकरवर पांढरट झाक येते. दसऱ्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे तर टाळाच. गाड्यांची रांग लागलेली असते आणि प्रत्येकाला पूजेला गाडी हवी असते. घाईत वाळवण्याचा वेळच कापला जातो.

पैसे टप्प्याटप्प्यानं

सगळे पैसे आधी दिले तर गाडी सुट्या भागांत पडून राहते. काहीच न देता काम मागितलं तर पेंटर माल आणणार कशातून? समजा १५,००० ठरले. पहिले ५,००० मालासाठी द्या, आणि जमलं तर पेंटरसोबत ऑटो पेंटच्या दुकानात जा. शेड मशिनवर ग्रॅममध्ये मोजून तिथं बनते, डबे बंद मिळतात आणि बिल तुमच्या नावावर होतं.

दुसरे ५,००० प्रायमर होऊन घासून झाल्यावर, रंग मारण्याच्या आधी. या वेळी स्वतः जाच. संपूर्ण रंगकामात सगळ्यांत महत्त्वाची भेट हीच. भाग उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली धरा आणि वर पाणी ओता. ओल्या पृष्ठभागावर ट्यूबची रेघ सरळ दिसली पाहिजे. ती जिथं वाकते तिथं पत्रा किंवा पुट्टी लाटेसारखी आहे. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रंही पाण्यातच दिसतात. मग पत्र्याच्या टाकीवर पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. एखाद्या जागी ते चिकटेनासं झालं, तर तिथं पोचा बाहेर न काढता पुट्टीनं भरून टाकलाय. जाड पुट्टी गाडीच्या हादऱ्यानं आणि उन्हानं तडकते. यातलं काही आढळलं तर आत्ताच सांगा, आता दुरुस्तीला एक दिवस लागेल. क्लिअर झाल्यावर सांगाल तर अख्खं काम उलटेल.

उरलेले ५,००० भाग गाडीवर जोडून झाल्यावर. यूपीआयनं दिले तर नोंदीत ‘टाकी रंगकाम, दुसरा हप्ता’ असं लिहा, रोख दिले तर त्याच भावाच्या कागदावर सही घ्या. मध्येच शेड बदलावीशी वाटली तर नवीन भाव आधी लिहून घ्या, मगच बदला. तोंडी ‘बघू नंतर’ म्हटलेल्यावरूनच शेवटी वाद होतात.

गाडी ताब्यात घेताना

संध्याकाळी दिव्यात घेऊ नका, दिवसा उजेडी घ्या. टाकीच्या झाकणाची कडा, बोल्टची भोकं आणि मडगार्डची आतली बाजू बघा, कारण थकलेला हात तिथंच चुकतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा किंवा एखादा धुळीचा कण घासून-बफ करून जातो. ओघळ, उघडा राहिलेला प्रायमर आणि भागाभागांतला शेडचा फरक मात्र तसाच स्वीकारू नका.

टू-के क्लिअर दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, आतून पक्का व्हायला काही आठवडे लागतात. पहिला महिनाभर वॅक्स नाही, टाकीचं कव्हर नाही, टाकीवर चुंबकाची बॅग नाही. धुताना आधी पाण्यानं माती सोडवा, मगच फडकं लावा. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं, उन्हात वाळलं की पांढरे डाग धरतं. म्हणून सावलीत धुवा आणि लगेच कोरडं पुसा.

निघण्याआधी उरलेला बेस कोट छोट्या बाटलीत भरून मागून घ्या आणि शेडच्या फॉर्म्युल्याची चिठ्ठी आरसीच्या पाकिटात ठेवा. पुढं मडगार्डला कुठं धक्का लागला, तर त्या चिठ्ठीवरून नांदेडला असा की लातूरला, दुकानदार तीच शेड बनवून देईल.